उंचसखल भिंत आणि सरळ पट्टी

प्रश्न : आमचे घर फोंडा तालुक्यात असून माझ्या आजेसासऱ्यांच्या काळात बांधलेले आहे. भिंती चिऱ्यांच्या, मातीत रचलेल्या आणि वरून चुन्याचा गिलावा केलेल्या आहेत. साळीतील (दिवाणखान्यातील) बारा फूट लांब व नऊ फूट उंच अशा एका भिंतीवर उभ्या लाकडी पट्ट्या मारून त्यांवर आडव्या फळ्या बसवायचे आम्ही ठरवले. मेस्ताने (सुताराने) तीन पट्ट्या स्क्रूने आवळून बसवल्या आणि त्यांवर नमुन्यादाखल चार फळ्या लावल्या. परंतु संध्याकाळी दिवा लावल्यावर फळ्यांवर लाटा उठल्यासारख्या दिसतात. मेस्ताचे म्हणणे असे की भिंतच वाकडी, त्याला तो काय करणार. संपूर्ण भिंतीला सिमेंटचा नवा गिलावा करून घ्यावा, की पट्ट्यांच्याच बाबतीत काही करता येईल? गणेशचवथीपूर्वी काम पुरे व्हावे अशी घरातील सर्वांची इच्छा आहे.
— एक वाचिका, फोंडा

उत्तर : भिंत वाकडी आहे हे मेस्ताचे म्हणणे खरे आहे, पण त्यात तक्रार करण्यासारखे काही नाही. हाताने घडवलेल्या चिऱ्यांची आणि थापीने सारवलेल्या चुन्याची भिंत वाकडी असणारच. आपल्या फळ्यांवर लाटा उमटल्या त्या भिंतीमुळे नव्हे, तर स्क्रूमुळे. भिंतीच्या खळग्यावर पट्टी अधांतरी असताना तेथेच स्क्रू आवळला, तर पट्टी वाकून खळग्यात जाते, आणि भिंतीचा सगळा चढउतार तिच्या पुढच्या अंगावर जसाच्या तसा उतरतो. अशा पट्ट्यांवर मारलेल्या फळ्या मग भिंतीची नक्कलच करतात. तेव्हा पहिली गोष्ट ही ध्यानात घ्यावी, की स्क्रूचे काम पट्टी जागच्या जागी धरून ठेवण्याचे आहे, तिला भिंतीकडे ओढण्याचे नाही. पट्टी कोठे उभी राहील हे दोरीने ठरवायचे आणि दोरी व भिंत यांच्यामध्ये जे अंतर उरेल ते पाचरींनी भरायचे.

सिमेंटचा गिलावा मात्र कृपा करून करू नये. चिरा हा सच्छिद्र दगड आहे. फ्रान्सिस बुकॅनन यांनी केरळातील अंगाडीपुरम येथे तो पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले, ते विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून. कारण खाणीतून काढताना तो विटेच्या मातीसारखा कापता येतो आणि हवा लागल्यावर कडक होतो. या दगडाने आणि त्यामागील मातीने शोषलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू बाहेर पडत असते. त्यावर सिमेंटचा घट्ट थर दिला की ओलीची वाट बुजते, ती वर चढते किंवा आत साठते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तो थर पापुद्र्यासारखा सुटू लागतो. केवळ पट्ट्या सरळ बसाव्यात म्हणून भिंतीचा श्वास कोंडण्याचे काहीच कारण नाही.

आता मोजणीकडे वळू, कारण या कामातले खरे कौशल्य तेथेच आहे आणि नेमका तोच भाग घाईत टाळला जातो. भिंतीच्या दोन्ही टोकांना एकेक सरळ लाकूड जमिनीपासून छतापर्यंत ओळंब्यात, म्हणजे कोठेही न कलता सरळ, उभे करावे आणि ते तात्पुरते घट्ट टेकवून ठेवावे. या दोन लाकडांच्या पुढच्या कडांवरून एक बारीक नायलॉनची दोरी आडवी, तार लावल्यासारखी ताणून बांधावी. ही दोरी भिंतीपासून साधारण पन्नास-साठ मिलिमीटर पुढे असावी, म्हणजे पट्टीच्या जाडीला जागा राहते. दोन्ही लाकडे ओळंब्यात आहेत, म्हणून दोरी वर-खाली कितीही सरकवली तरी ती एकाच सपाट, उभ्या पातळीत राहते. ज्या पातळीवर आपल्याला फळ्या हव्या आहेत तिला समांतर अशी ही पातळी झाली.

फळ्या आडव्या असल्यामुळे उभ्या पट्ट्या दीड-दीड फुटावर घ्याव्यात. बारा फुटांत दोन्ही टोके धरून नऊ पट्ट्या होतात. प्रत्येक पट्टीची मध्यरेषा भिंतीवर पेन्सिलीने ओढावी. मग दोरी छताजवळून सुरुवात करून दर दीड फुटाला खाली सरकवत जावी आणि प्रत्येक मध्यरेषेवर दोरीपासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजून तो आकडा भिंतीवरच लिहावा. अशा रीतीने नऊ रेषांवर प्रत्येकी सात, म्हणजे एकूण त्रेसष्ट आकडे मिळतील. हे लिहिणे कंटाळवाणे वाटते हे मी जाणतो, पण अर्ध्या तासाच्या या लिखाणाने पुढचे दोन दिवस वाचतात.

समजा, एका रेषेवरचे आकडे वरून खाली असे आले : ६१, ५७, ५२, ५५, ६४, ७१ आणि ६८ मिलिमीटर. आकडा जितका लहान तितकी भिंत तेथे पुढे आलेली. या रेषेवर ५२ हा सर्वांत लहान आहे. पण आपल्याला एकाच रेषेचा विचार करून चालणार नाही. त्रेसष्ट आकड्यांमधला सर्वांत लहान आकडा शोधावा. तो दुसऱ्या एखाद्या रेषेवर ४७ असेल, तर भिंतीचा तो उंचवटा संपूर्ण कामाचा पाया ठरतो : तेथे पट्टी थेट भिंतीला टेकेल आणि इतर प्रत्येक ठिकाणी आकड्यातून ४७ वजा केल्यावर जे उरेल तितक्या जाडीची पाचर लागेल. वरच्या रेषेवर पाचरी अनुक्रमे १४, १०, ५, ८, १७, २४ आणि २१ मिलिमीटरच्या होतील. पट्टी २५ मिलिमीटर जाड असेल, तर तिचे पुढचे अंग दोरीपासून ४७ वजा २५ म्हणजे २२ मिलिमीटरवर आले पाहिजे. बावीस मिलिमीटर जाडीचा लाकडाचा एक गुटका कापून खिशात ठेवावा आणि दोरी व पट्टी यांच्यामधून तो सर्वत्र जेमतेम सरकतो का हे पाहत जावे. गुटका अडला तर पट्टी पुढे आली, सैल गेला तर मागे राहिली. दोरी पट्टीला प्रत्यक्ष टेकवून पाहण्याची सवय मात्र सोडावी, कारण एका ठिकाणी पट्टीने दोरीला ढकलले की दोरी सगळीकडेच खोटे सांगू लागते.

येथे एक विवेक करावा लागतो. ४७ हा आकडा एकटाच असेल आणि त्याच्या खालोखाल सर्वांत लहान आकडा ५३ असेल, तर एका उंचवट्यासाठी साऱ्या भिंतीवर सहा मिलिमीटर जास्त पाचरी घालणे शहाणपणाचे नाही. तेवढ्या ठिकाणचा गिलावा छिन्नीने हलके खरवडून सहा मिलिमीटर खाली घ्यावा. खरवडण्यापूर्वी बोटाच्या पेराने ठोकून पाहावे; आवाज बद्द, पोकळ आला तर गिलावा चिऱ्यापासून सुटला आहे असे समजावे, आणि तो भाग काढून चुन्यानेच भरून घ्यावा. पुढे आलेला भाग चिऱ्याचाच असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. तेथे पट्टीच्या मागच्या अंगाला खाच घ्यावी, पण ती पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नसावी, नाहीतर पट्टी नेमकी तेथेच मोडते.

पाचरींविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे खोक्याचा पुठ्ठा दुमडून घालण्याची पद्धत फार आहे. पुठ्ठा पावसाळ्यात ओल खातो, दबतो, आणि एप्रिलमध्ये सरळ बसवलेली पट्टी पुढच्या दिवाळीला सैल झालेली असते. सुकलेल्या सागवानाच्या किंवा मरीन प्लायच्या पाचरी कराव्यात. एकाच बाजूला निमुळती असलेली पाचर घातली तर पट्टी तिच्या उतारावर तिरकी बसते. म्हणून दोन पाचरी समोरासमोरून, एकीचा जाड भाग दुसरीच्या बारीक भागावर येईल अशा सरकवाव्यात. त्या जितक्या एकमेकींवर चढतील तितकी जाडी वाढते, आणि पुढची-मागची दोन्ही अंगे मात्र समांतर राहतात. स्क्रू पाचरींच्या मधूनच गेला पाहिजे. पाचर एकीकडे आणि स्क्रू तिच्यापासून वीतभर लांब असेल, तर आपण पुन्हा पहिल्याच चुकीपाशी येतो. म्हणूनच मोजणीचे सात बिंदू तेच स्क्रूचे सात बिंदू ठेवावेत. पंचवीस मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर पाचरींवर सोपवू नये. तेथे योग्य जाडीचा लाकडी ठोकळा आधी भिंतीला पक्का करून त्यावर पट्टी घ्यावी.

स्क्रूची लांबी हिशेबानेच ठरवावी. सर्वांत जाड पाचरीपाशी २४ मिलिमीटर पाचर, २५ मिलिमीटर पट्टी आणि सुमारे २० मिलिमीटर गिलावा, म्हणजे चिऱ्याला पोचेपर्यंतच जवळजवळ ७० मिलिमीटर संपतात. गिलावा काहीही धरून ठेवत नाही. स्क्रूला पकड मिळते ती त्यापलीकडच्या चिऱ्यातल्या ४०-५० मिलिमीटरमध्ये. त्यामुळे अशा ठिकाणी साडेचार-पाच इंचांचा स्क्रू लागतो, आणि दीड इंचाच्या स्क्रूने बसवलेली पट्टी हाताने ओढली तरी निघते याचे नवल वाटायला नको.

चिऱ्यात भोक पाडणे हे वेगळेच प्रकरण आहे. चिऱ्याच्या आत चिकणमातीने भरलेल्या पोकळ्या असतात. ड्रिल हातोडीच्या ठोक्यावर चालवले की त्यांच्या कडा चुरतात, भोक मोठे होते आणि स्क्रूसाठी बसवलेला प्लास्टिकचा प्लग आत गरागरा फिरतो. ठोका बंद ठेवून केवळ फिरत्या गतीने, आधी लहान आणि मग हव्या त्या मापाचे भोक पाडावे. मातीत रचलेल्या भिंतीत चिऱ्यांच्या सांध्यात पाडलेले भोक निरुपयोगी असते, कारण तेथे नुसती मातीच असते. ड्रिलच्या तोंडातून तपकिरी, मऊ भुकटी एकदम सैल येऊ लागली तर दोन इंच वर-खाली सरकावे. एवढे करूनही प्लग धरत नसेल तर जुनी गुट्टीची रीत अजूनही उत्तम आहे : भिंतीत साधारण अडीच-तीन इंच खोल चौकोनी खळगा करावा, त्यात सुकलेल्या टणक लाकडाची, आतल्या टोकाला किंचित रुंद अशी गुट्टी चुन्याच्या घट्ट मिश्रणात बसवावी, आणि ते पुरते कडक झाल्यावर स्क्रू गुट्टीत घ्यावा. आतले टोक रुंद असल्याने गुट्टी बाहेर येऊ शकत नाही. राळेचे रासायनिक अँकरही मिळतात व ते पोकळीत चांगले भरतात, मात्र त्याआधी भोकातील भुकटी फुंकून व ब्रशने पूर्ण काढावी लागते.

बसवण्याचा क्रम असा ठेवावा. टोकांच्या दोन पट्ट्या आधी बसवून गुटक्याने तपासून घ्याव्यात, मग मधल्या. एका पट्टीपुरते बोलायचे तर ज्या बिंदूपाशी पाचर सर्वांत बारीक आहे तेथील स्क्रू प्रथम घ्यावा आणि मग वर व खाली सरकावे. प्रत्येक स्क्रू आवळल्यावर गुटका पुन्हा फिरवावा. एखाद्या ठिकाणी दोन मिलिमीटरचा फरक निघाला तर स्क्रू अर्धा फेरा सोडून पाचरी सरकवाव्यात. भिंतीत विजेची नळी कोठून गेली आहे हे बटणांच्या पेट्या पाहून आधीच ओळखावे, हे वेगळे सांगायला नकोच.

राहिला प्रश्न चवथीचा, आणि येथे माझे उत्तर घरातील मंडळींना रुचणार नाही. गोव्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. श्रावणात चिऱ्याची भिंत वर्षातली सर्वांत ओली असते आणि लाकूडही हवेतील दमटपणामुळे फुगलेले असते. पावसाळ्यातल्या हवेत ठेवलेल्या लाकडात १८-२० टक्क्यांपर्यंत ओलावा राहतो, कोरड्या महिन्यांत तो १२-१३ टक्क्यांवर येतो. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ हलत नाही. रुंदीच्या दिशेने मात्र चार इंच रुंदीची सागवानी फळी एवढ्या फरकाने एक ते दीड मिलिमीटर आकसू शकते. श्रावणात एकमेकींना खेटून बसवलेल्या फळ्यांमध्ये म्हणूनच माघात फटी दिसू लागतात. यंदाच्या चवथीला माटोळीखालची (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या चौकटीखालची) भिंत आहे तशीच राहू द्यावी, फक्त चुना मारून घ्यावा. फळ्या आणून त्याच खोलीत, जमिनीपासून उचलून, मध्ये बारीक काठ्या घालून रचून ठेवाव्यात आणि काम दिवाळीनंतर काढावे.

तोपर्यंत एक परीक्षा करून पाहावी. फूटभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या आतल्या, भिंतीकडच्या बाजूला पाणी साठले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला साठले तर ती खोलीतल्या हवेची आहे. भिंतीला लोणा लागला असेल, म्हणजे पांढरी क्षाराची बुरशीसारखी पूड दिसत असेल, तर आधी बाहेरच्या अंगाचे पाणी कोठून येते ते शोधावे : पन्हळ फुटली आहे का, भिंतीला लागून मातीचा ढीग चढला आहे का, पत्र्याची पागोळी थेट पायावर पडते का. ओल्या भिंतीवर फळ्या बसवणे म्हणजे वाळवीला घरात जेवायला बोलावणे होय. भिंत कोरडी असली तरी फळ्यांच्या तळाशी आणि वर छतापाशी बोटभर फट उघडी ठेवावी. पट्ट्या उभ्या असल्यामुळे त्यांच्यामधून हवा खालून वर आपोआप फिरते, आणि आडव्या पट्ट्यांपेक्षा उभ्या पट्ट्या घेण्याचा हा एक मोठा लाभ आहे. पट्ट्यांची कापलेली टोके वाळवीरोधक द्रावणात बुडवून घ्यावीत, कारण लाकूड टोकाकडूनच सर्वाधिक ओल पिते.

प्रश्न : म्हापशात आमची सदनिका आहे. पलंगामागच्या भिंतीवर रंगवलेल्या अरुंद, दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या शोभेच्या पट्ट्या उभ्या लावल्या आहेत. भिंत नव्या गिलाव्याची असूनही काही ठिकाणी पट्टीमागे फट दिसते. शिवाय सारखे अंतर ठेवूनही शेवटच्या पट्टीपाशी अंतर चुकले आहे. पट्ट्या पुन्हा काढाव्यात का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : वरच्या उत्तरातला दोरीचा खटाटोप आपल्याला करायचा नाही. आपल्या पट्ट्यांवर पुढे काहीच बसणार नसल्याने त्या एकमेकींशी काटेकोर पातळीत असण्याची गरज नाही; त्या ओळंब्यात उभ्या असल्या आणि कडा भिंतीशी मिळाल्या की डोळा समाधान पावतो. आठ फुटांत तीन-चार मिलिमीटरची मंद लाट असेल तर पातळ पट्टी तिच्याबरोबर वळू द्यावी. एवढे वळण कोणालाही दिसत नाही, फट मात्र लगेच दिसते. फट पाच मिलिमीटरपर्यंत असेल तर ॲक्रिलिकचा फिलर पिचकारीने भरून ओल्या बोटाने सारखा करावा आणि त्यावर रंग मारावा. येथे सिलिकॉन वापरू नये, कारण त्यावर रंग धरत नाही, आणि एकदा लावलेले सिलिकॉन पुरते खरवडून काढणे हे वेगळेच काम होऊन बसते. फट त्याहून मोठी असेल तर तेथील भिंतीच्या खळग्यातच पुट्टीचे दोन पातळ हात द्यावेत. पट्टी काढण्यापेक्षा हे सोपे आहे.

अंतराचे गणित मात्र पाहण्यासारखे आहे. समजा भिंत ३६०० मिलिमीटर रुंद आहे आणि ७० मिलिमीटर रुंदीच्या सात पट्ट्या, दोन अगदी टोकांना धरून, लावायच्या आहेत. पट्ट्या ४९० मिलिमीटर व्यापतात, उरलेल्या ३११० मिलिमीटरला सहाने भागले की प्रत्येक मोकळी जागा ५१८.३ मिलिमीटर येते. आपण बहुधा ५१८ चा ठोकळा कापून एका पट्टीपासून पुढची ठेवत गेला असाल. तसे केल्याने ठोकळ्यातली आणि पट्टीतली अर्धा-अर्धा मिलिमीटरची चूक प्रत्येक पावलाला साठत जाते आणि शेवटी एकदम अंगावर येते. प्रत्येक पट्टीची जागा भिंतीच्या एकाच टोकापासून बेरीज करून मोजावी : ५८८.३, ११७६.७, १७६५ याप्रमाणे. दुसरी शक्यता अशी की खोली काटकोनात नसून भिंत वर ३६०० आणि खाली ३५८५ मिलिमीटर असेल. अशा वेळी मधली पट्टी भिंतीच्या मध्यावर ओळंब्यात धरून दोन्हीकडे मोजत जावे, म्हणजे पंधरा मिलिमीटरचा फरक दोन्ही कोपऱ्यांत अर्धा-अर्धा वाटला जातो आणि पलंगामागे लपतो.

प्रश्न : मी सुतारकाम शिकत आहे. कोपऱ्यातल्या पट्टीची कड जुन्या भिंतीशी तंतोतंत जुळवण्यासाठी कंपासने रेघ ओढून त्याबरहुकूम रंधा मारतो, तरीही एखाद्या ठिकाणी फट राहतेच. चूक कोठे होते?
— एक विद्यार्थी, वाळपई

उत्तर : चूक बहुधा कापताना नव्हे, आखताना होते. पट्टी कोपऱ्यात उभी करताना ती आधी ओळंब्यात आणावी आणि आखणी संपेपर्यंत हलणार नाही अशी तात्पुरत्या दोन स्क्रूंनी किंवा शिकंजाने धरून ठेवावी. पट्टी भिंतीला जेथे टेकेल तेथे टेकवून आणि मग तिरकी झाली तरी तशीच आखून घेतली, तर निघणारी कड भिंतीशी जुळते खरी, पण पट्टी तिरकीच बसते. मग ती सरळ करायला गेलो की फट उघडते. पट्टी ओळंब्यात असताना जेथे सर्वांत मोठी फट आहे, तितके किंवा त्याहून एखादा मिलिमीटर अधिक कंपास उघडावे आणि मग ते संपूर्ण उंचीभर बदलू नये.

दुसरी चूक मनगटात असते. कंपासचे टोक भिंतीवर आणि पेन्सिल पट्टीवर अशी दोन्ही टोके नेहमी एकाच आडव्या रेषेत राहिली पाहिजेत. उंचवट्यावरून जाताना आपण नकळत कंपास तिरके करतो. तसे केले की दोन टोकांमधले आडवे अंतर कमी होते आणि नेमकी त्याच ठिकाणची रेघ खोटी पडते. त्यावर साधा उपाय असा, की कंपासऐवजी फटीइतक्या रुंदीचा, दोन इंच लांबीचा लाकडाचा सपाट तुकडा घ्यावा. त्याची एक कड भिंतीवरून सरकवत दुसऱ्या कडेला पेन्सिल धरून रेघ ओढावी. मोठ्या वळणांना हा तुकडा पुरतो. चुन्याच्या गिलाव्यातल्या बारीक खरबरीतपणापुरते मात्र कंपासच हवे. सागवान किंवा शिसव यांसारख्या गडद लाकडावर पेन्सिल दिसत नसल्यास रेघेच्या जागी कागदी चिकटपट्टी लावून तीवर आखावे.

तिसरी गोष्ट कापण्याची. रेघेपर्यंत काटकोनात रंधा मारला तर पट्टीच्या मागच्या कडेचे लाकूड भिंतीच्या न दिसणाऱ्या उंचवट्यावर अडते आणि पुढची कड भिंतीपर्यंत पोचतच नाही. म्हणून रेघेपासून मागे जाताना लाकूड किंचित आत उतरवावे, म्हणजे पाच-सात अंशांचा उतार द्यावा. मग भिंतीला फक्त पुढची धारदार कड टेकते. करवत रेघेच्या बाहेरून एक सूत (इंचाचा आठवा भाग) सोडून चालवावी. लांब वळणे रंध्याने, खोल वळणे पटाशीने आणि शेवटचा अंश कानसीने काढावा. वाळपईकडच्या जुन्या घरांत कोपऱ्यात पंधरा-वीस मिलिमीटरचाही फरक आढळतो. तेव्हा पट्टी मुळातच वीस-पंचवीस मिलिमीटर जास्त रुंद घ्यावी, नाहीतर आखून कापल्यावर ती वर जाड आणि खाली लुकडी दिसेल. कड कितीही नेमकी जुळली तरी डोळा पट्टीची रुंदीच पाहतो. इतका फरक असला तर मी स्वतः आखणीच्या भानगडीत पडत नाही. पट्टी ओळंब्यात बसवून मागच्या फटीवर अर्धा इंच रुंदीची लवचीक मोल्डिंग मारतो. काही सुतार याला पळवाट म्हणतात. मला ते तसे वाटत नाही.

प्रश्न : नळ्यांच्या छपराच्या दुरुस्तीत निघालेल्या जुन्या रिपा भिंतीच्या पट्ट्यांसाठी वापराव्यात का? आमचे घर समुद्राजवळ आहे.
— एक वाचक, काणकोण

उत्तर : सागवान, किंदळ किंवा मत्तीच्या असतील तर अवश्य वापराव्यात. मत्ती म्हणजे महाराष्ट्रातला ऐन. गोव्याचा राज्यवृक्ष तोच. इतकी वर्षे छपराखाली तापून-भिजून झालेले लाकूड नव्या लाकडापेक्षा कमी वळते. माडाच्या किंवा पोफळीच्या रिपा मात्र घेऊ नयेत, कारण भिंतीलगतच्या ओलीत त्या लवकर कुजतात. रंधा मारण्यापूर्वी चुंबक फिरवून जुने खिळे शोधून काढावेत. रंध्याचे पाते एका खिळ्याने खराब होते. प्रत्येक रीप सपाट जमिनीवर ठेवून पाहावी. धनुष्यासारखी एकाच दिशेने वाकलेली असेल तर तिचे पोट भिंतीकडे येईल अशी ती धरून दोन्ही टोकांचे स्क्रू हलके आवळत सरळ करता येते. पिळलेली असेल तर पाचरीने काही होत नाही. तिचे तुकडे करून त्यांच्या गुट्ट्या कराव्यात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत, आणि खारा वारा थेट लागत असेल तर ३१६ प्रतीचे. साधा लोखंडी स्क्रू तेथे गंजतो, आणि टॅनिनचे (लाकडातल्या तुरट द्रव्याचे) प्रमाण जास्त असलेल्या लाकडात ओल लागताच त्याच्याभोवती काळा डाग पसरतो. तो डाग पॉलिशखालूनही दिसत राहतो.